तयार गाडी

"तयार गाडी घ्यायची सोडून तीन वर्षं हा उपद्व्याप केलात?" वस्तादांनी बॉनेट उचललं आणि डोळे बारीक केले.

"केला खरा," पाहुणा हसला. "घरी विचारणारं कोणी नाही ना."

समोर साठ वर्षांपूर्वीची ब्रिटिश गाडी उभी होती, गर्द हिरवी. असल्या डझनभर गाड्या वस्तादांनी नव्या करून विकल्या होत्या. स्वतः गाडी जोडायला बसणाऱ्या हौशी मंडळींची ते यथेच्छ टिंगल करायचे. निम्मे लोक गाडी खोलतात आणि नट डब्यात ठेवून म्हातारे होतात, म्हणायचे. पण इथे नाव ठेवायला जागाच नव्हती. वायरिंग नेटकं, पाइप नवे कोरे.

"हातात कसब आहे तुमच्या," ते म्हणाले. असं ते सहसा कोणाला म्हणत नसत.

"एकच खोड राहिलीय. उतारावर वळताना पुढून आवाज येतो. जरा सोबत बसून ऐका."

वस्तादांनी बॉनेट धाडकन बंद केलं. याच मॉडेलची एक गाडी चार वर्षांपूर्वी उतारावर उलटली होती. त्यांनीच नवी करून एजंटामार्फत विकलेली. आतली बाई जागच्या जागी गेली. ठपका आला गाडी चालवणाऱ्या तिच्या नवऱ्यावर, आणि तो बिचारा वर्षभर तुरुंगात जाऊन आला. खरं काय ते एकट्या वस्तादांना ठाऊक होतं. पुढची चाकं वळवणारे गंजलेले दांडे बदलायचे सोडून त्यांनी वेल्डिंग करून वर रंग फासला होता. पोलिसांना मात्र दांड्यात दोष नव्हता असं लिहून दिलं, आणि तोंडाला कुलूप लावलं ते लावलंच.

पोलीस तर ते प्रकरण केव्हाच विसरले होते. पण पोरीला कळलं तर? हा एकच घोर त्यांना रात्रंदिवस होता. आई गेल्यावर ती बापाचा हात धरून वाढली, बापाचंच काम शिकली, आणि बापाच्या कामाला कोणी नाव ठेवलं की अंगावर धावून जायची.

"मला नाही जमायचं. जेवायची वेळ झालीय."

"जा ना बाबा, एवढे लांबून आलेत ते," मुलगी हात पुसत म्हणाली. "मीही येते. कळू दे तरी आवाज कसला ते." ती मागे बसली आणि तिने पट्टाही लावला.

वस्ताद नाइलाजाने पुढे डावीकडे बसले. गाव मागे पडलं. गाडी लोण्यासारखी चालत होती. त्यांना जरा हायसं वाटलं.

"मी तर म्हणतो, माणसाने तयारच घ्यावी," ते म्हणाले. "डोक्याला ताप नाही."

"एकदा घेतली होती तयार. अशी चकचकीत, की आत काय आहे ते विचारायचं सुचलंच नाही."

उतार लागला. पाहुण्याने ब्रेकवरचा पाय काढून घेतला.

"आवाज कुठाय?" वस्तादांनी विचारलं.

"येईल. ही भंगारातून उचलली मी. तेव्हा क्रीम रंगाची होती. सगळं नवं टाकलं, एक सोडून. डावा दांडा तेव्हाच तुटला. उजवा तुमच्या वेल्डिंगचा, तसाच ठेवलाय. तुम्ही बसलाय ना, तिथेच माझी बायको बसली होती."

वस्तादांनी दोन्ही हातांनी समोरचा डॅशबोर्ड धरला. समोर वळण दिसत होतं आणि त्याच्या पलीकडे नुसती दरी.

"हळू घ्या! अहो, हळू घ्या गाडी!"

"का बरं? दांड्यात काही दोष नव्हता, असं पोलिसांना तुम्हीच लिहून दिलं होतं."

"माझी पोर आहे हो मागे!"

"मग सांगा. टिकेल दांडा?"

"नाही टिकायचा!" वस्ताद ओरडले. "गंजून सडला होता! मीच वेल्डिंग करून वर रंग फासला, मीच! पाया पडतो तुमच्या, थांबवा!"

गाडी वळणाच्या बरीच अलीकडे, अगदी अलगद थांबली. वस्ताद धापा टाकत होते. मागे वळून पोरीकडे बघायची त्यांची छाती होईना.

पाहुण्याने आरशात पाहिलं.

"ताई, तुम्ही दिलेला उजवीकडचा नवा दांडा छान चालतोय," तो म्हणाला. "बाबांच्या तोंडून ऐकल्याशिवाय कोर्टात साक्ष देणार नाही म्हणाला होतात. आता द्याल?"