गोष्टीवाल्याचा साक्षीदार

“हे असं नव्हतं,” मशीनवाले म्हणाले.

ग्रंथपाल बाई वाचायच्या थांबल्या. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर गुरुवारी पाच वाजता वाचक मंडळ भरायचं. मशीनवाले चार महिने तिथे येत होते, पण आजवर त्यांनी तोंड उघडलं होतं ते फक्त चहाला ‘हो’ म्हणायला. शिलाई मशीन दुरुस्त करणारा साधा माणूस. दाराकडे तोंड करून बसायचे आणि जाताना सगळ्यांच्या खुर्च्या एका रांगेत लावून जायचे.

यंदा मंडळाचा विषय होता साहित्य आणि मानवी हक्क. तो वकीलसाहेबांनी सुचवला होता. निवृत्त नर्स, ज्यांना सगळे सिस्टर म्हणत, तेव्हा कुरकुरल्या होत्या, “जन्मभर लोकांची दुखणी पाहिली, आता पुस्तकातही तीच?” पण एक गुरुवार त्यांनी चुकवला असेल तर शपथ.

आज वाचन चाललं होतं एका कैद्याच्या रोजनिशीचं. पंचवीस वर्षांपूर्वी सरकारनं शेकडो माणसं घरांतून उचलून टेकडीपलीकडच्या छावणीत डांबली होती. छावणी मोडली तेव्हा सगळं दप्तर जाळून टाकलं. रोजनिशीत एका कैद्याचा उल्लेख होता. त्याला सगळे गोष्टीवाला म्हणत. दिवे गेले की तो शेजारच्या कोठड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तोंडपाठ गोष्टी सांगायचा.

“तोंडपाठ नव्हत्या,” मशीनवाले म्हणाले. “सांगता सांगता रचायचा. कुणी कण्हत असलं तर गोष्ट लांबवायचा. डावरा होता. बोलताना डाव्या हातानं भिंतीवर ठेका धरायचा.”

सिस्टरांनी कप खाली ठेवला.

“तो माझा दादा,” ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

दादाचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. आता नव्या सरकारनं चौकशी आयोग नेमला होता. आयोगाचं म्हणणं सरळ होतं. त्याला छावणीत पाहिलेला एक तरी माणूस आणा, मग नोंद करू. नाहीतर तो बेपत्ताच. बाईंची आई अजून दाराला आतून कडी घालू देत नव्हती. जबान्यांची मुदत पुढच्या शुक्रवारी संपणार होती.

शनिवारी बाई वकीलसाहेबांना घेऊन मशीनवाल्यांच्या दुकानात गेल्या. ते एका मशीनला तेल घालत होते.

“दादाला शेवटचं कधी पाहिलंत?” बाईंनी विचारलं.

“पावसाळा संपत आला होता. तीन दिवस तापात होता. औषध मागत होता.”

“मिळालं?”

“नाही.” त्यांनी तेलाची बुधली बाजूला ठेवली. “चौथ्या दिवशी सकाळी गेला.”

बाई समोरच्या स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, “एवढंच तिथे येऊन सांगा. दुसरं काही मागत नाही.”

“बाई, एकदा कागदावर आलं की मागे फिरता येत नाही. माझ्या लेकीला यातलं काही ठाऊक नाही. तिला वाटतं, ती वर्षं मी परगावी कारखान्यात होतो.”

“तुम्ही कशाला लपवायचं? ज्यांनी हे केलं, त्यांना लाज वाटायला हवी.”

“हो,” ते म्हणाले. “त्यांना वाटायला हवी.”

मग त्यांनी वकीलसाहेबांना विचारलं, “जबानी दिल्यावर घरी जाता येतं?”

वकीलसाहेब हसले. “अहो, साक्षीदाराला कोण अडवतंय!”

बुधवारी मशीनवाले स्वतःहून वाचनालयात आले. घेतलेली पुस्तकं त्यांनी टेबलावर ठेवली.

“लेकीला सांगितलं,” ते म्हणाले.

“काय म्हणाली?”

“रात्री जेवली नाही. सकाळी म्हणाली, जा.”

शुक्रवारी सगळे आयोगाच्या कचेरीबाहेर जमले. मशीनवाल्यांच्या हातात एक पिशवी होती. त्यात दोन जोडी कपडे आणि टॉवेल.

“मुक्कामालाच निघालात की काय?” सिस्टर म्हणाल्या.

“म्हटलं, असू द्यावं.”

ग्रंथपाल बाई पुढे झाल्या. “आईनं निरोप दिलाय. म्हणाली, माझ्या मुलाला ज्यानं शेवटचं पाहिलं, त्याचा हात एकदा हातात घेऊन ये.”

मशीनवाले एक पाऊल मागे सरले. “आधी काम होऊ द्या, बाई. मग तुम्हाला वाटलं तर.”

आत मोठी रांग होती. बहुतेक सगळे पिकल्या केसांचे. एकाला काठी, एकाच्या हाताला मुलगा. टेबलामागचा कारकून प्रत्येकाला तेच तीन प्रश्न विचारून रकाने भरत होता: नाव, छावणीतला काळ, कैदी क्रमांक. आणि प्रत्येक जण क्रमांक घडाघडा सांगत होता. पंचवीस वर्षांनीही तो कुणाला आठवावा लागत नव्हता.

रांग हळूहळू सरकली. मशीनवाल्यांची पाळी आली तेव्हा बाई त्यांच्या खांद्याला लागून उभ्या होत्या. “घाबरू नका,” त्या हळूच म्हणाल्या. “आम्ही आहोत.”

मशीनवाल्यांनी नाव सांगितलं. छावणीतला काळ सांगितला, पहिल्या दिवसापासून ती मोडेपर्यंतचा. कारकुनानं चमकून वर पाहिलं. इतका काळ काढलेलं कुणीच आजवर त्या टेबलाशी आलं नव्हतं. त्यानं अदबीनं खुर्ची पुढे केली आणि पेन तिसऱ्या रकान्यावर नेलं.

“बसा काका. कैदी क्रमांक?”

मशीनवाले उभेच राहिले.

“मला नंबर नव्हता, साहेब. नंबर मी द्यायचो.”