भावाची जागा

दिल्लीहून आलेल्या बड्या नेत्याची भिलाईत सभा होती. सीमेवर मारल्या गेलेल्या भूषणची आई भागाबाई सत्काराची शाल पांघरून मंचावर अवघडून बसली होती. शेजारी धाकटी मुलगी मोनाली. “आपल्याला शांतताच हवी. पण त्यासाठी लढायला जाणं प्रत्येक घराचं कर्तव्य आहे,” असं म्हणत नेता मोनालीकडे वळला. “बेटी, भावाची जागा घेशील?” “घेईन, सर!” मैदान घोषणांनी दणाणलं. भागाबाईनं उठून माईक स्वतःकडे ओढला. “पोरगी नाई जाणार. एक पोरगा देल्ला आमी. आता तुमच्या घरचं कोनी धाडा.” नेता हसला, वाकून तिच्या पाया पडला. “पाहा, हे आईचं काळीज!” आधीपेक्षा जास्त टाळ्या पडल्या. परतताना भागाबाईनं मोनालीचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला. “मी जाईनच, आई. सबके सामने जुबान दी है.”