अंगठ्याची खूण

डब्यांची झाकणं ठोकणाऱ्या मशीनवर उभी हयात घालवून अण्णा कालच निवृत्त झाले. कान जवळजवळ कामातून गेले होते, पण तक्रार कसली! मशीनच्या धडधडाटात सगळेच कामगार ओठ वाचायला शिकतात. बायको पाठमोरी पुटपुटायची तेवढंच त्यांना कळायचं नाही. "म्हणून तर संसार टिकला!" असं ते खुशाल सांगायचे. हाक मात्र ती अशी मारायची, की अण्णांच्या आधी शेजारी ओ द्यायचे.

आज सकाळी अण्णा गालाला फेस लावून, तोंड मिटून आरशासमोर उभे होते. आरशातल्याचे ओठ हलत होते.

अण्णांना हसूच फुटलं. घरी बसल्याच्या पहिल्याच दिवशी आपलं डोकं फिरलं, म्हणायचं! डोळे बारीक करून त्यांनी ते ओठ वाचले.

"किती उशीर रे? माझी शिफ्ट कधीच संपली."

आरशाची काच हलके थरथरत होती, अगदी मशीनच्या ठेक्यात. अण्णांचा अंगठा सवयीने आपसूक वर गेला. मशीनवर या खुणेचा अर्थ एकच: तू जा, मी सांभाळतो.

आरशातल्याची कळी खुलली. त्याने फेस पुसला, शीळ घालायला ओठांचा चंबू केला आणि तो आरशातून चालता झाला.

रिकाम्या आरशासमोर अण्णा उभेच राहिले. धडधड वाढत चालली होती. तिच्या वरताण, स्वयंपाकघरातून बायकोचा आनंदी आवाज आला.

"अगंबाई! आज पहिल्याच हाकेला ओ दिलीत की हो!"