बिनचष्म्याची

सुनेनं नवा कॉम्प्युटर घेतला, जुन्याहून वेगळ्याच जातीचा. जुन्यावरच्या लिहायच्या प्रोग्राममध्ये कुठली कळ दाबली की काय व्हायचं, ते तिनं आपल्या सोयीनं बसवून घेतलं होतं. ते सगळं इकडे आणायला कालपासून खपत होती.

सवयीनं मी तिच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले. या वयातही बिनचष्म्याची वाचते, असं मी चारचौघांत ठणकावून सांगते.

"दळभद्री आहे गं तुझं हे यंत्र. अक्षरं म्हणायची की मुंग्या?"

"आई, जुन्यावरही एवढीच होती. तुम्ही मागे आलात की मी एक कळ दाबायचे, मग मोठी व्हायची. तेवढी एकच अजून इकडे चालत नाहीये."

बोलताना तिनं मागे वळून पाहिलं नाही. तेही बहुधा माझ्यासाठीच.