चौथा बोल्ट

"बाबा, तू आत बस. मी सांगितलं की किल्ली फिरव, बास," लेक म्हणाली. बाप मुकाट्यानं ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला. इतकी वर्षं त्या सीटवर ती बसायची आणि बॉनेटखाली तो असायचा.

उघड्या बॉनेटखाली, काचेच्या पलीकडे, वीतभर फट होती. तिच्यातून माणसं दिसत नव्हती, नुसते हात दिसत होते. दोन लेकीचे, दोन जावयाचे. लोक बायकोच्या वाढदिवसाला साडी आणतात, घड्याळ आणतात. ह्या जावयानं थ्रॉटल बॉडी आणली होती. म्हणजे इंजिनाला हवा सोडणारी झडप, मूळच्या झडपेपेक्षा मोठ्या तोंडाची. शिवाय हवेचा जाडजूड पाइप आणि लालभडक फिल्टर. गाडी आता मोकळा श्वास घेईल, असं तो म्हणाला होता. गाडीचं माहीत नाही, सासऱ्याचा मात्र सकाळपासून कोंडला होता.

लेकीनं न बघताच तळवा पुढे केला. त्यात नेमका हवा तोच पाना येऊन पडला. मागावा लागला नाही, सांगावं लागलं नाही. पाने ओळखायला बापानं शिकवलं, बोल्टचे आटे कसे राखायचे ते त्यानं शिकवलं, आणि आता हे आयत्या बिळावर नागोबा! बरं, माणूस वाईट असता तर जळायची तरी सोय होती. पण हा पडला गुणाचा. निघताना वाकून नमस्कार करणारा आणि स्वतःचा कप स्वतः विसळणारा.

"सांध्यातलं गॅस्केट उलटं नाही ना लावलं?" बापानं आतूनच विचारलं.

"नाही बाबा, यानं बघितलंय."

यानं बघितलंय! म्हणजे प्रश्नच मिटला.

मग तो उतरला आणि तिघांसाठी चहा घेऊन आला. दाराजवळच्या स्टुलावर, डब्याच्या झाकणात, काढलेले चार बोल्ट ठेवले होते. कप ठेवून तो वळला तेव्हा झाकणात तीन होते आणि चौथा त्याच्या मुठीत होता. का घेतला, ते त्याला सांगता आलं नसतं. खरं म्हणजे आलं असतं. जावई एकदा तरी तोंडघशी पडावा आणि तेही तिच्यादेखत, एवढीच त्याची इच्छा होती. तो सीटवर येऊन बसला आणि मूठ मांडीखाली घातली.

थोड्या वेळानं लेकीचा आवाज आला. "तीनच? चार होते रे. मी स्वतः ठेवले होते."

फटीतले हात नाहीसे झाले. झाकण झटकलं गेलं, स्टूल सरकलं. मग दोघंही गाडीखाली गार फरशीवर आडवी झाली आणि हातांनी चाचपत राहिली. जावयाचा चांगला शर्ट तेलात लोळला.

"इंजिनाच्या तोंडात कोंबलेली चिंधी काढताना आत तर नाही ना पडला?" जावयानं विचारलं.

बोल्ट इंजिनात गेला असेल आणि किल्ली फिरवली, तर इंजिनाचा चुरा. म्हणजे केलेलं सगळं उलगडून पार खालपर्यंत खोलायचं.

"चिंधी कोणी काढली होती?" लेकीनं विचारलं.

"मीच."

"मग बघून काढायची ना! माझा बाबा चिंधीला हात लावायच्या आधी बोल्ट मोजतो. दरवेळी मोजतो. तुझं म्हणजे सगळं घोड्यावर बसून!"

बापाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ह्याच्यासाठीच तर सगळा खटाटोप होता.

"चुकलंच माझं," जावई म्हणाला. "तू बस जरा. मी खोलतो सगळं."

"नको रे. मीच नीट ठेवायला हवे होते." तिचा आवाज चिरकला. "इतक्या हौसेनं आणलंस तू, आणि मी माती केली."

बापाला चढलेलं मांस तिथल्या तिथे उतरलं. लेकीचा असा आवाज त्यानं कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. तो घाईघाईनं उतरला, पुढच्या चाकाशी गुडघे टेकून बसला आणि चाकामागे हात घालून उगीच चाचपल्यासारखं केलं.

"हा काय! इथे तर पडलाय. दोघांचे चार डोळे, पण उपयोग शून्य."

जावई खदखदून हसला. "मानलं बाबा तुम्हाला! काय नजर आहे!"

लेकीनं हात पुढे केला. फरशीच्या गारठ्यानं तिची बोटं लालबुंद झाली होती. तिनं बोल्ट घेतला, मूठ मिटली आणि उघडली.

"गरम आहे," ती म्हणाली.

"काय गरम आहे?" जावयानं विचारलं.

ती बापाकडे बघत होती. बापानं गुडघे झटकायला घेतले.

"काही नाही," ती म्हणाली. मग तिनं बोल्ट बापाच्या तळव्यावर ठेवला. "घे. तूच बसव." आणि ती बाजूला झाली.

सकाळपासून त्याला नेमकं हेच ऐकायचं होतं. तो बॉनेटखाली वाकला. बोल्ट भोकाशी नेला, पण आट्यात बसेना. दोनदा निसटता निसटता राहिला.

जावयानं बॅटरीचा उजेड अगदी जवळ धरला आणि दुसरा हात सासऱ्याच्या पाठीवर ठेवला.

"सावकाश, बाबा," तो म्हणाला. "आहोत ना आम्ही."