जगनदादांचं ‘नाय’

“तुझा तो माळी वाजवतो बरा, पण हातात जीव नाय,” जगनदादा म्हणाले आणि गणपतीच्या सोंडेवरून पॉलिश पेपर घासत राहिले.

“माळी नाय हो बाबा, माली! आफ्रिकेतला देश हाय तो,” भाविकानं पुन्हा सांगितलं.

लासिना तिथला. मांडीत धरून हातांनी वाजवायचा जेंबे हे त्याचं वाद्य. वर्षभर रोह्याजवळच्या वरसेत राहून तो सोसायटीतल्या पोरांना वाजवायला शिकवत होता, बोलणं सगळं मोडक्या हिंदीत. भाविकाला लग्न करायचं होतं ते त्याच्याशीच. आणि जगनदादा म्हणजे हमरापूरच्या पालखीपुढचे ढोलवाले! जावयाचा हात ऐकल्याशिवाय ते होकार देणार नव्हते. तो हात त्यांनी काल रोह्याच्या हॉलमधल्या कार्यक्रमात ऐकला होता.

खरं सांगायचं तर काल लासिना गारच वाजवत होता. लोक हाताची घडी घालून बसलेले, पाहुण्यांची तोंडं मोबाईलमध्ये. एक बाई जरा डुलायला लागली, तर मागच्यानं तिला खाली बसवलं.

“आमच्याकडं नाचणाऱ्याचे पाय बघून हात चालतो,” तो बाहेर आल्यावर भाविकाला म्हणाला होता. “खुर्च्यांना पाय चार, पण एक हलेल तर शपथ!”

भाविका हार मानणारी नव्हती. “हॉल गेला खड्ड्यात! बाबा, एकदा इथं ऐका, आपल्या कारखान्यात. मग काय ते बोला.”

म्हणून त्या दुपारी लासिना बिनरंगाच्या गणपतींमध्ये जेंबे घेऊन बसला. रंगकाम करणाऱ्या बाया भोवती जमल्या. जगनदादा पालथ्या बादलीवर बसले, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

थाप पडली तशी त्यांतली हौसाआत्या पदर खोचून उठली. तिनं टाच आपटली, जेंबेनं उत्तर दिलं. तिनं गिरकी घेतली, जेंबेही फिरला.

“अगो बाय! हा तर माझ्या पायांशी बोलतोय!”

“नाय,” जगनदादा म्हणाले.

लासिनानं मान वर केली, हसला आणि जेंबेसकट पुढं सरकला. ठेका चढला. ब्रश टाकून आणखी बाया उठल्या. जगनदादांचा गुडघा हलायला लागला, तो त्यांनी हातानं दाबून धरला.

“नाय! नाय म्हणतो ना!”

ते ओरडले की हा आणखी जवळ. काय वाजवत होता म्हणून सांगू! पण भाविका बाबांच्या तोंडाकडं बघत होती. चारचौघांत दिलेला शब्द बाबांनी आजवर मागं घेतला नव्हता. लासिना अगदी त्यांच्या गुडघ्यापर्यंत आला आणि एका थापेवर थांबला.

“नाय!” जगनदादा गरजले.

भाविकाचे डोळे भरले. लासिना मात्र त्यांच्या पाया पडला आणि हिंदीत काहीबाही सांगू लागला. भाविका ते मराठीत सांगत गेली.

“बाबा, तो म्हणतोय, त्याच्या गावच्या बोलीत ‘नाय’ म्हणजे ‘ये’. काल त्याला कुणी बोलावलं नाय. आज तुम्ही बोलवतच राहिलात, म्हणून हात मोकळा झाला.”

मग मैनाकाकी, भाविकाची आई, खो खो हसत सुटली.

“घ्या! अख्ख्या कारखान्यासमोर तुमीच ‘ये, ये’ करून बोलावलंत. आता काय दारातून परत धाडता? आपल्यात तशी रीत हाय काय?”

जगनदादांनी डोकं खाजवलं. बोलावलेला माणूस आपल्या दारातून परत जात नाय, ही फुशारकी तेच गावभर मारत.

“साखर आण गो,” ते शेवटी गुरगुरले. “आणि जीव हाय पोराच्या हातात. हाय तर हाय!”

साखर वाटली, एकच गलका झाला. भाविका रडतच हसत होती. हात धुवायला लासिना नळाशी गेला, तशी तीही मागोमाग गेली.

“काय नशीब आपलं! खरंच रे, तुमच्या बोलीत ‘नाय’ म्हणजे ‘ये’?”

लासिनानं मागं कुणी नाही ना ते पाहिलं आणि अगदी वरसेच्या पोरांसारखं म्हणाला, “नाय गो.”