मागणं थोडक्यात

"प्रत्येकानं मागणं थोडक्यात सांगायचं," दाताचा डॉक्टर म्हणाला, आणि त्यानं आपलं मागणं सुरू केलं.

संध्याकाळचे सात वाजले होते. बैठकीच्या खोलीत पवित्र मारियेच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावलेली, टीव्हीवर कापड टाकलेलं आणि घरातली चौघं गुडघ्यांवर. डॉक्टरच्या गुडघ्यांखाली उशी होती. त्याच्या कमरेचं दुखणं चर्चच्या सगळ्या धर्मग्रामाला ठाऊक होतं.

रोझरी म्हणजे माळेवरची प्रार्थना; तिची रहस्यं, म्हणजे टप्पे, पाच आणि प्रत्येकाला दहा मणी. प्रत्येक रहस्याआधी घरातल्या एकानं देवापुढे एक मागणं मांडायचं, अशी त्या घराची शिस्त. पहिलं आणि शेवटचं डॉक्टरचं, मधली तीन मुलगी, बायको आणि म्हातारी आई यांना वाटून दिलेली. कुणाचं मागणं चालू असताना मध्ये बोलायचं नाही, हा नियमही त्याचाच. दिवसभर लोकांच्या तोंडात हत्यारं घालून बोलायची सवय. समोरच्याला उत्तर देता येत नसलं की त्याला भारी रंग चढायचा.

"हे प्रभो, येत्या रविवारच्या कुटुंब मेळाव्यासाठी. मी जे चार शब्द बोलणार आहे, त्यांनी घराघरांत प्रार्थना सुरू होवो. मोबाइलच्या नादी लागलेल्या मुलींना सद्बुद्धी मिळो. आणि ज्या बायका लहानसहान दुखण्यांनी हबकून जातात, त्यांना धीर धरण्याची कृपा लाभो."

पत्ता देवाचा, मजकूर घरच्यांना. इतका भेकड माणूस शोधून सापडायचा नाही. जे तोंडावर बोलायची छाती नाही ते देवाच्या आडून बोलायचं आणि वर आमेन म्हणून मोकळं व्हायचं.

दुसऱ्या रहस्याला मुलगी म्हणाली, "परीक्षेला बसणाऱ्यांसाठी." ती स्वतः परीक्षा आटपून बँकेत लागली त्याला दोन वर्षं झाली होती, पण मागणं तिनं बदललं नव्हतं. डॉक्टरच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

तिसरं बायकोचं. एरवी ती आजाऱ्यांसाठी मागायची आणि गप्प व्हायची. आज तिनं माळ मुठीत आवळली आणि मूर्तीकडे बघत बोलायला सुरुवात केली.

"एका बाईसाठी. तिच्या छातीत गाठ आहे. उद्या सकाळी ऑपरेशन आहे. आज आठच्या आत दाखल व्हायचंय, दवाखान्यानं खाट तेवढ्यापुरतीच राखून ठेवलीय. नवरा म्हणतो, फोन करून पुढची तारीख घे, रविवारी स्टेजवर माझ्या शेजारी कोण बसणार? तिनं फोन केलेला नाही. तिला भीती वाटते, प्रभो. मरणाची वाटते आणि नवऱ्याचीही वाटते."

मुलीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं आईकडे पाहिलं, मग वडिलांकडे. म्हातारीची माळ फिरवणारी बोटं थांबली.

डॉक्टरनं डोळे मिटलेलेच ठेवले. कान मात्र लाल झाले होते.

"मागणं एका वाक्याचं असावं," तो म्हणाला. "आणि घरातल्या गोष्टी प्रार्थनेत आणू नयेत. हे आमच्या स्वर्गीय बापा..."

आणि सांगायला लाज वाटते, पण घरच्यांनी साथ दिली. बायकोनंसुद्धा दिली. सव्वीस वर्षांची सवय अशी एका संध्याकाळी सुटत नाही. दहाच्या दहा मणी सरले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सात वीस झाले होते.

चौथं रहस्य म्हातारीचं.

"माझ्या सुनेसाठी," म्हातारी म्हणाली. "देवा, हिला आठच्या आत पोचव." मग तिनं नातीकडे मान वळवली. "गाडीची किल्ली घे गं."

"आई, हे काय चाललंय?" डॉक्टर म्हणाला.

"माझं मागणं चाललंय. मध्ये बोलू नकोस." म्हातारी कोचाला धरून उठायला लागली. "सूनबाई, ऊठ. पिशवी भरलीयस का?"

"भरलीय," बायको हळूच म्हणाली. "पलंगाखाली आहे."

"रहस्य पुरं झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही!" डॉक्टरनं आता डोळे उघडले.

"तू म्हण की," म्हातारी म्हणाली. "तुला तुझाच आवाज आवडतो."

मुलगी पिशवी घेऊन आलीसुद्धा. चपला घालता घालता बायको दारात थांबली. "अहो, जेवण झाकून ठेवलंय," ती म्हणाली. म्हातारीनं तिचा दंड धरला आणि तिला बाहेर काढलं.

दार लागलं. डॉक्टर उशीवर तसाच बसून राहिला. मागोमाग जावं असं त्याला क्षणभर वाटलंही असेल, नाही असं नाही. पण रोझरी अर्धवट टाकणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं, आणि रविवारी सांगायला हा दाखला बरा होता. त्यानं माळ सारखी केली आणि चौथ्या रहस्याचा पहिला मणी चिमटीत धरला.

"नमो मारिया, कृपापूर्णे..." त्याचा आवाज रिकाम्या खोलीत चांगला घुमला. 'धन्य तुझ्या उदराचे फळ येशू' इथपर्यंत तो आला आणि थांबला. इथवरचा अर्धा भाग प्रार्थना चालवणाऱ्याचा. आम्हा पाप्यांसाठी विनंती कर, हा उरलेला अर्धा बाकीच्यांनी म्हणायचा. तो त्या घरात कायम बायकांनीच म्हटला होता.

खाली गाडी सुरू झाली आणि आवाज लांब गेला. तो वाट बघत राहिला. मग घसा खाकरून त्यानं आपला अर्धा भाग पुन्हा पहिल्यापासून म्हणायला घेतला, जरा मोठ्यानं.